कर्ज सरकारचं, बेलभंडार माझा

माझ्या माहेरी, पिंपळगाव राजाला, लेक सासरी निघाली की ओटी भरल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड. घर फारच ओढग्रस्तीचं असलं तर नुसते तांदूळ, पण पदर रिकामा जायचा नाही. माझा पदर त्या घरातून वर्षानुवर्षं रिकामा गेला. कारण कुणी विचारलं तर मी सांगायची, नागपूरच्या असेंब्लीनं कर्ज काढलं म्हणून. ऐकणारी बाई माझ्याकडे जरा निरखून बघायची आणि पापडांचा विषय काढायची. तिचा काही दोष नाही. मला हे दुसरीनं सांगितलं असतं तर मीही तेच केलं असतं.

माझं सासर देऊळघाटचं. यजमान बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करायचे आणि उरलेल्या वेळात देशाची काळजी करायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमची सगळ्यांची तक्रार एकच होती, की कापूस आमचा, शेतसारा आमचा, पण पैसा नागपूरच्या तिजोरीत जातो आणि तिथून तो नर्मदेकडे कुठेतरी खर्च होतो. त्यात सरकार वर आणखी कर्ज काढतं. यजमानांचा पक्ष तेव्हा सत्तेबाहेर होता. सत्तेत होते ते जुन्या पक्षाचे लोक, आणि आमच्या भागातून निवडून गेलेले एक रावसाहेब त्यांच्यात बसायचे. सरकारनं कर्जाचा कागद पुढे केला की रावसाहेब मान डोलवायचे, असं यजमान सांगायचे. मान डोलवण्याची नक्कलही करून दाखवायचे. ती छान करायचे.

पुढे नव्या कायद्याची निवडणूक आली आणि पक्षानं यजमानांना रावसाहेबांच्या विरोधात उभं केलं. खामगावकडचा मतदारसंघ दिला, कारण तिकडे त्यांची सासुरवाडी. म्हणजे उमेदवार ते, पण उभे माझ्या माहेरावर. त्यातून त्या वेळी ज्यांच्या नवऱ्याच्या नावावर बऱ्यापैकी शेती होती त्या बायकांनाही पहिल्यांदाच मत मिळालं होतं, आणि पिंपळगावात अशी घरं पुष्कळ होती. त्या बायकांचं मत माझ्या मोठ्या आईच्या तोंडून निघायचं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी रांगत असताना गेली, मला मोठ्या आईनंच वाढवलं. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज खणखणीत. लग्नात मला वाटे लावताना सगळ्या बायका रडल्या, ही एकटी गाडीवानाला बैल नीट जुंपायला सांगत होती. तिचं प्रेम असं उलट्या बाजूनं यायचं, आणि मला ते ओळखता यायचं.

यजमानांची सभा बाजाराच्या ओट्यावर झाली. बोलले बाकी सुंदर. सरकारी कर्ज म्हणजे काय, ते कोण देतं, त्याचं व्याज कुठून निघतं, सगळं त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मागे बसलेल्या बायकाही माना हलवू लागल्या. आज नागपुरात बसलेले चार लोक सही करतात आणि तुमच्या नातवाच्या शेतसाऱ्यातून ते फिटतं, असं ते म्हणाले. आमच्या पक्षाच्या हाती सभागृह आलं तर वऱ्हाडच्या डोक्यावर एक पैचं कर्ज चढणार नाही, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. मी अभिमानानं फुगले होते, हे मान्य करते. भाषण संपवून ते मोटारीनं पुढच्या गावाला गेले आणि मी बायकांच्या हळदीकुंकवासाठी मागे राहिले. तिथेच सगळं फसलं.

हळदीकुंकू महादेवाच्या देवळात होतं. वाण वाटून झालं आणि मोठी आई म्हणाली, "भाषन मस्त झालं जावाईबापूचं. आता बेलभंडार उचला म्हना त्यायले."

आमच्याकडे शब्दाला शब्द लागला की पिंडीवरचा बेल आणि भंडारा उचलून बोलायचं, म्हणजे तो शब्द देवाच्या हाती जातो. बांधाच्या भांडणात, सोयरिकीत, वाटणीत, सगळीकडे हे चालायचं. निवडणुकीत ते कुणी मागेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "मोठी आई, ते तं गेले पुढच्या गावाले."

"मंग तू हायेस ना. तू उचल त्यायच्या वतीनं."

मला वाटलं, यात काय आहे. माझा नवरा खोटं बोलणारा नव्हता. शिवाय चाळीस घरच्या बायका बघत होत्या आणि मागे सरले असते तर त्यांची मतं माझ्या देखत रावसाहेबांच्या पेटीत गेली असती. मी बेल उचलला, भंडारा कपाळाला लावला. शब्द मोठ्या आईनं सांगितले, मी मागे म्हटले. माझ्या मालकाचा हात सरकारी कर्जासाठी वर होणार नाही. झाला, तर ते कर्ज फिटेपर्यंत पिंपळगावची ओटी माझ्या पदरात पडणार नाही.

शेवटचं वाक्य म्हणताना मी जरा चाचरले. मोठी आई म्हणाली, "म्हन, म्हन. त्याच्याबिगर गाठ बसत नाही."

यजमानांना मी हे परतीच्या वाटेवर सांगितलं. ते हसले. आपलं बहुमत आलं तर आपण कर्ज कशाला काढू, असं म्हणाले, आणि असल्या जुन्या रिती मोडायला हव्यात यावर त्यांनी मला मोटारीतच छोटंसं भाषण दिलं. ते निवडून आले. पिंपळगावची पेटी जवळजवळ सगळी त्यांची निघाली.

पक्षाला सभागृहात बहुमत मिळालं आणि पुढे राज्यही हाती आलं. आमच्या बुलढाण्याच्या घरी पेढ्यांचे पुडे आले, बसायला सतरंज्या पुरेनात. वर्षभर सगळं गोड चाललं. वचनाप्रमाणे शेतसाऱ्यात सूट दिली. काही भागांत दारूची दुकानं बंद केली, त्यावर बायकांनी दुवा दिला. गावोगाव विहिरी, शाळा, दवाखाने द्यायचे म्हणून याद्या झाल्या. आणि मग एक दिवस यजमान नागपूरहून आले ते गप्प. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "तिजोरी रिकामी हाय."

"म्हंजे?"

"सारा कमी केला, दारूचं उत्पन्न गेलं, अन् कामं तं वाढली. पैसा येनार कुठून? नवे रोखे काढाचं चालू हाय."

रोखे म्हणजे सरकारच्या कर्जाचे कागद, हे मला विचारावं लागलं नाही. बाजाराच्या ओट्यावर त्यांनीच समजावलं होतं.

पुढचे काही महिने मी आमच्या बैठकीतली भाषा बदलताना ऐकली. आतून चहा पाठवता पाठवता सगळं कानावर पडायचं. पूर्वी ज्याला बोजा म्हणायचे त्याला आता उभारणी म्हणू लागले. पूर्वी नातवाच्या साऱ्यातून फिटणारं कर्ज आता नातवाच्या शाळेसाठी होतं. माणसं तीच, सतरंजीही तीच. मला राग यायचा आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं पटायचंही. विहीर पाहिजे तर पैसा पाहिजे, एवढं मलाही कळत होतं. पण मी देवळात विहिरीबद्दल काही बोलले नव्हते.

तेवढ्यात रावसाहेब दुसऱ्या जागेवरून, एका मेंबरच्या निधनानंतर, पुन्हा सभागृहात आले आणि विरोधी बाकावर बसले. बसल्या बसल्या त्यांनी ठराव मांडायची सूचना दिली, की या प्रांतावर नवं कर्ज काढू नये. कारणं काय, तर आज चार लोक सही करतात आणि उद्या शेतकऱ्याच्या नातवाला सारा भरावा लागतो. यजमानांनी तो छापील कागद माझ्यासमोर आपटला. म्हणाले, "माहं भाषन हाय हे. शब्दाले शब्द. मान डोलावनारा मानूस आता मलेच शिकवून राह्यला."

"तुमी त्याच्या जागेवर बसले, तो तुमच्या जागेवर बसला," मी म्हटलं. "भाषन तं जागेचंच हाय."

ते माझ्यावर चिडले. बरोबर बोललं की ते चिडायचे.

मग मी बेलभंडाराची आठवण दिली. या वेळी हसले नाहीत. पक्षाचा हुकूम सुटला होता, त्याला व्हिप म्हणत. प्रत्येकानं हजर राहायचं आणि ठराव पाडायचा. न ऐकणाऱ्याला पक्षातून काढणार. मी म्हटलं, तुमचं बहुमत एवढं मोठं, एका माणसानं काय अडतं, आजारी पडा. ते म्हणाले, "अडत काहीच नाही. माहं मत नसलं तरी कर्ज निघनार हाय. पन मी गेलो नाही तं मी संपलो."

"मंग संपा," असं माझ्या तोंडून निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. या माणसानं पक्षासाठी वकिली अर्धी सोडली होती, एकदा तो तुरुंगात जाऊन आला होता. मी काय मागत होते ते मला कळलं आणि मी उठून भांडी आवरायला गेले. मी एकीकडून सुटायला गेले की ते अडकत होते, आणि ते सुटले की मी.

अधिवेशनाला मी हट्टानं बरोबर गेले. मोटारीनं घाट उतरून मलकापूर, तिथून रेल्वे. नागपूरला मेंबरांच्या उतरण्याच्या खोल्या होत्या, त्यांतली एक आम्हाला मिळाली. खिडकी समोरच्या खोलीच्या भिंतीवर उघडायची. यजमान दिवसभर सभागृहात आणि मी त्या भिंतीसमोर. माझ्या मनानं एक वाट काढली होती. ठरावाच्या दिवशी ऐन मतांच्या वेळी ते पान खायला म्हणून बाहेर पडतील, आणि थोडे उशिरा आत येतील. हजेरी लागली, हात वर झाला नाही. मी हे सुचवलं तेव्हा त्यांनी हो किंवा नाही काही म्हटलं नाही. पण सकाळी निघताना पानाचा डबा कोटाच्या खिशात टाकला. तो डबा बघून मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना उगाच विचारलं, संध्याकाळी भाजी कोणती करू.

प्रेक्षकांच्या सज्जात बायकांना एका कडेला जागा होती. तिथून मी सगळं बघितलं. रावसाहेब बोलले. त्यांच्या तोंडून माझ्या नवऱ्याचं भाषण ऐकणं ही विचित्रच गोष्ट होती. बरं म्हणजे त्यांना ते जमतही नव्हतं. मंत्र्यांनी उत्तर दिलं, विहिरी, शाळा, दवाखाने. दोघांचंही खरं होतं आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचं ऐकायचं नव्हतं. निकाल तर सकाळीच ठरलेला होता. एवढं मोठं बहुमत असताना एवढं बोलायचं कशाला, असं मला वाटत राहिलं.

अध्यक्षांनी तोंडी मतं मागितली, आमच्या बाजूचा नकार मोठ्यानं उठला. तेव्हा यजमान गप्प होते, ओठ मिटलेले मला दिसत होते. मला वाटलं, सुटलो. ते हळूच उठले, खिशाला हात लावला आणि दाराकडे चालू लागले. तेवढ्यात रावसाहेबांनी मोजून मतं घ्या म्हणून मागणी केली आणि घंटा वाजू लागली.

मला तोवर ठाऊक नव्हतं की घंटा थांबली की सभागृहाची दारं लावतात. यजमानांना अर्थातच ठाऊक होतं. पण ते दारापर्यंत पोचले तेव्हा पक्षाचे एक गृहस्थ, हुकूम बजावण्याचं काम ज्यांच्याकडे होतं ते, तिथेच उभे होते. त्यांनी अगदी प्रेमानं यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी बोलले, हसलेही. घंटा थांबली. दारं लावल्याचा आवाज सज्जापर्यंत आला.

मग ठरावाच्या बाजूचे एका वाटेनं आणि विरोधातले दुसऱ्या वाटेनं, असे मेंबर रांगेनं जाऊ लागले. यजमान मध्ये उभे राहिले. वर सज्जाकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं? मान हलवायची तर कुठल्या बाजूला? मी तशीच बसून राहिले आणि ते वळून आपल्या लोकांच्या मागे गेले. नावावर खूण झाली. ठराव पडला, कर्जाला वाट मोकळी झाली, बाकं वाजली.

खोलीवर आल्यावर त्यांनी पानाचा डबा खिशातून काढून खिडकीत ठेवला. मग ते म्हणाले, "हे पाय. तुह्या शपथेत हात वर होनार नाही असं होतं. म्या हात कुठं वर केला? मी तं वाटेनं चालत गेलो."

मला हसू आलं आणि मागोमाग रडू आलं. कोर्टात हा मुद्दा कदाचित टिकला असता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. मी गेले. न जाण्याचं धाडस नव्हतं आणि जाण्याचंही नव्हतं. घरात सगळं नेहमीसारखं. पुरणाच्या मांड्यांसाठी कणीक तिंबून ठेवलेली, चुलीवर आमरसासोबतची भजी, वहिनीची, म्हणजे मोठ्या आईच्या सुनेची, माझ्या पोराटोरांबद्दल चौकशी. मोठ्या आईनं मला जवळ बसवून वाढलं. ठरावाचं, नागपूरचं नाव कुणी काढेना. शेजारच्या बायका यायच्या, गोड बोलायच्या, जायच्या. मला वाटायचं, एकीनं तरी तोंडावर चार शिव्या द्याव्यात. शिव्या दिल्या असत्या तर मलाही बोलता आलं असतं. त्या गोड वागण्यात मला हलायला जागा राहिली नाही. तीन दिवस मी माझ्याच माहेरात पाहुणीसारखी पाय आखडून बसले.

निघायच्या सकाळी मी लुगडं बदललं, देवाला नमस्कार केला आणि देव्हाऱ्यासमोर पाट मांडलेला नव्हता, तरी पदर सावरून उभी राहिले. सवय असते. मोठी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात रिकामे.

मी वकिलाचा मुद्दा मांडला. "मोठी आई, त्यायनं हात वर नाही केला. तिथं वाटेनं जाचं असते."

तिनं विचारलं, "हे तू म्हनून राह्यली का त्यायनं शिकवून पाठवलं?"

मी पदराचा काठ चाचपू लागले.

"पोरी, पेपरात नाव आलं. मास्तरनं वाचून दाखवलं साऱ्यायले."

"मंग मी काय करू? कर्ज काय म्या काढलं? मत काय म्या देल्लं? त्यायले काऊन नाही बोलवत? त्यायच्या मोटारीपुढं ठेवाचा होता बेलभंडार." माझा आवाज चढला होता. वहिनी आत निघून गेली.

मोठी आई खाली बसली आणि मला हात धरून बसवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. ती म्हणाली, "त्यायच्याकून कायले घेऊ? मानूस नागपूरले गेला का तो तिथल्यायचा होते. रावसाहेबाचं आमी पाह्यलं होतं. जावाईबापूचंही तसंच होईन हे मले तवाच दिसत होतं. तो काई पुन्ना आमच्या दारात उभा राह्यनार नव्हता. तू राह्यनार होती."

"म्हंजे मले जामीन घेतलं."

"हाव. जामीन हाताखालचा लागते."

मला तेव्हा तिचा इतका संताप आला की मी उठले आणि पिशवी उचलली. मागे वळून बघितलं तर ती त्याच जागी बसून होती आणि पदरानं तोंड पुसत होती. तिच्या मागे भिंतीशी कपड्यांची ट्रंक उघडी होती आणि तीत, घडी घातलेल्या धोतरांवर, एक नवा खण होता. हिरवा, पिवळ्या काठाचा. माझ्यासाठी आणलेला. तो मला द्यायचा नाही असं तिनं साऱ्या गावादेखत माझ्याच तोंडून वदवून घेतलं होतं, आणि आता तिलाही तो शब्द मोडता येत नव्हता. मी तशीच दारातून बाहेर पडले.

पुढे लढाई सुरू झाली. पक्षानं राज्य सोडलं. मग नागपूरचा कारभार लाटसाहेब आणि त्यांचे अधिकारी बघू लागले, सभागृहच भरेना. मला वाटलं, आता तरी कर्जाची भानगड संपेल, बहुमत नाही, व्हिप नाही, भाषणं नाहीत. तर तहसीलदार गावोगाव फिरून लढाईचे रोखे खपवू लागले. कर्ज काढायला कुणाची ना नव्हती, कारण ना म्हणायला कुणी शिल्लकच नव्हतं. यजमान तेव्हा पुन्हा तुरुंगात होते. सुटून आले, तोवर काळ पालटला. पक्ष पुन्हा सत्तेवर आला, त्यांना मात्र पुन्हा तिकीट मिळालं नाही. पुढे देश स्वतंत्र झाला, प्रांताची पाटी बदलली. माझ्या पदराला यातल्या कशानंच फरक पडला नाही.

दर आखाजीला मी जायची. मांडे खायची, गप्पा मारायची, आणि निघताना देवाला नमस्कार करून तशीच निघायची. देव्हाऱ्यापुढे उभी राहायचं मी सोडून दिलं होतं. मोठी आई दर वर्षी एकच प्रश्न विचारायची, "फिटलं का वं?" आणि मी म्हणायची, "मुदत हाय अजून." घरी येऊन मी यजमानांना तोच प्रश्न विचारायची आणि तेही तेच उत्तर द्यायचे. आमच्या संसारात एवढ्या नियमानं दुसरं काही झालं नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही थट्टाच वाटली असती. मलाही कधी कधी वाटायची, पण पिंपळगावहून परत येताना मोटारीत मांडीवर काही नसायचं, तेव्हा नाही.

शेवटी मुदत सरली. यजमान कामासाठी नागपूरला गेले होते तिथे ओळखीच्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी चौकशी केली. घरी आले ते खुशीत. "फिटलं," म्हणाले. "ते रोखे सरकारनं परत घेतले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी विचारलं, पैसा कुठून आला.

ते टोपी खुंटीला लावत म्हणाले, "नवे रोखे काढले ना. जुन्याच्या बदल्यात. साऱ्याच सरकारायचं असंच असते, कोनाचंही असो."

त्याच आठवड्यात पिंपळगावहून निरोप आला की मोठी आई अंथरुणाला खिळली आहे. मोठे बाबा, म्हणजे तिचे यजमान, अजून होते, आणि आपण कुंकवासकट जाणार याचा तिला फार अभिमान होता. मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसवलेली होती. उंच बाई, आता अर्धी झालेली. ट्रंक अंथरुणाशेजारी ओढून घेतलेली होती, उघडी. आत खण होते. एक नव्हे, एकावर एक, दर आखाजीचा एक. खालचा हिरवा, पिवळ्या काठाचा. वहिनीच्या हातात तांदळाची ताटली तयार होती आणि पाट मांडलेला होता.

मोठ्या आईनं विचारलं, "फिटलं का वं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. ते रोखे फिटले होते, अधिकाऱ्यानं सांगितलं होतं, वकिलानं मान्य केलं होतं. मी तोंड उघडलं. पण मी महादेवाच्या देवळात बोलले होते तेव्हा कुठल्या कागदाबद्दल बोलले नव्हते, आणि हे मला ठाऊक होतं.

"जुनं फिटलं, मोठी आई," मी म्हटलं. "नवं काढून फेडलं."

तिनं ट्रंकेतल्या खणांवरून हात फिरवला. मग सुनेला म्हणाली, "पेटी लाव."

वहिनीनं ट्रंकेचं झाकण लावलं, कडी घातली. मी तिच्या उशाशी बसले. तिचा हात हातात घेतला, तो नुसता हाडांचा लागत होता. बायका एकेक करून बाहेर गेल्या. दोघीच उरलो तेव्हा तिनं डोळे न उघडता, हळू आवाजात म्हटलं, "फिटलं म्हनली असती तं म्या भरली असती वं. मले वाटलं, एवढं तं खोटं बोलशीन माह्यासाठी."